पेनीचा पट्टा

चादरीचं टोक विर्वेच्या हातातून निसटलं, आणि पलीकडचं टोक धरून मागे रेललेल्या हेल्वीबाई पाठीवर आपटता आपटता वाचल्या. "अगं बाई! जीव घेतेस का म्हातारीचा?" त्या ओरडल्या. इमारतीच्या तळघरातल्या धुण्याच्या खोलीत दर शनिवारी सकाळी या दोघींची पाळी एकीमागून एक असायची, आणि चादरी ताणायला दोन माणसं लागतातच, म्हणून त्या एकमेकींसाठी थांबायच्या. दोन-दोन टोकं धरायची, मागे रेलायचं, एक-दोन-तीन म्हणून झटका द्यायचा, की सुरकुत्या पळाल्या. इतकी वर्षं हे चाललं होतं आणि विर्वेच्या हातून टोक कधी सुटलं नव्हतं. आज सुटलं, कारण ॲप्रनच्या खिशातला फोन थरथरला आणि तिनं एका हातानं तो काढून पाहिला. फोनवर एवढंच होतं : पेनीचा पट्टा सुरू झाला.

पेनी म्हणजे विर्वेच्या वडिलांची कुत्री. वडील, ताउनो, तिकडे वर काइनूत, सरहद्दीलगतच्या गावात एकटे. विर्वे इकडे हेलसिंकीत, रात्रभराच्या गाडीच्या अंतरावर. पेनी काळीपांढरी, शेपटीचं वेटोळं पाठीवर, एल्क हरणांच्या शिकारीसाठीच जिची पिढ्यान् पिढ्या पैदास झाली त्या जातीची; आणि जन्मापासून आजवर एकदाही ती जंगलात मोकळी सुटली नव्हती. सोडायची नाही असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे विर्वेनं वडिलांकडून वदवून घेतलं होतं, पिल्लू मांडीवर घेऊन रात्रभर प्रवास करून तिनं ते त्यांच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं, तेव्हा. "बाबा, ही दोरीवर फिरेल. मोकळी सुटणार नाही. शब्द द्या मला." ताउनोंनी पिल्लाच्या कानामागं बोट फिरवलं आणि "हं" म्हटलं. त्यांचं "हं" म्हणजे शब्दच. इतर माणसं शपथा घेतात त्यापेक्षा पक्का. नकाशावर ठिपका दाखवणारा पट्टाही तिनंच घेऊन दिला होता, कधी हरवली-बिरवली तर असावा म्हणून, आणि तो खणात पडून होता. कारण दोरीवरच्या कुत्र्याला असला पट्टा गावात कुणी घालत नाही. पट्टा चढला म्हणजे दोरी सुटली. तिथल्या शेंबड्या पोरालाही हे शिकवावं लागत नाही.

"काय झालं? कुणी गेलं का?" हेल्वीबाईंनी चादर गोळा करत विचारलं. विर्वे म्हणाली, "नाही. कुत्री सोडली बाबांनी." हेल्वीबाईंच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही, आणि कसं उमटणार? शहरात कुत्रं सोडलं म्हणजे बागेत सोडलं. विर्वेनं नकाशा मोठा केला. घराच्या चौकोनापासून ठिपका निघाला होता, लाकडाच्या खोपट्यामागून जंगलाकडं. मागे एक बारीक लाल रेघ. खाली आकडा : भुंकणं शून्य. तिनं वडिलांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिला ठाऊक होतं तो कुठं वाजतोय. खिडकीपाशी, कॉफीच्या डब्याशेजारी, मेणकापडावर. जंगलात जाताना ते फोन घरी ठेवतात. त्या दिवसापासून ठेवतात. तरी तिनं तिसऱ्यांदा लावला, कारण हाताला काहीतरी करायला हवं होतं. मग ती इस्त्रीच्या बाकावर बसली. 

तो दिवस रांसुचा. रांसु पेनीच्या आधीचा. करडा, गंभीर, जरा आढ्यताखोर कुत्रा, जो कुणाच्या हातून बिस्किटसुद्धा उपकार केल्यासारखं घ्यायचा. चांगला कुत्रा एल्कला गाठतो, त्याच्यासमोर उभा राहून भुंकतो, एकाच लयीत, तासन् तास; आणि एल्क आपलं जागच्या जागी मान हलवत उभं राहतं. माणसानं धावायचं नसतं. बंदूक घेतलेल्या माणसाचं खरं काम बसणं आणि ऐकणं. ताउनो म्हणायचे, शिकार कुत्रा करतो, आपण फक्त साक्षीला असतो. रांसु त्या सकाळी भुंकत होता, आणि ताउनो उतारावरच्या मोठ्या दगडावर थर्मासमधली कॉफी पीत होते. मग भुंकणं थांबलं. थांबलं की एल्क हललं असं समजायचं, आणि कुत्रा परत भुंकेपर्यंत जागचं हलायचं नाही, हे त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलेलं, त्यांनी विर्वेला शिकवलेलं. ते हलले नाहीत. त्यांनी कॉफी संपवली. मग पट्ट्याला फोन लावला. त्या पट्ट्यांना फोन लावता येतो; वाजत काही नाही, नुसता उचलला जातो, आणि तिकडचं इकडं ऐकू येतं. इकडचं तिकडं जात नाही. काय ऐकलं ते ताउनोंनी कधी कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी ते पट्टा घेऊन घरी आले. विर्वे दुसऱ्या दिवशी पोचली, तेव्हा ते सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, मोरीत उकिडवे बसून ब्रशनं तो पट्टा घासत होते, कोमट पाण्यात, हळूहळू, तान्ह्या मुलाला न्हाऊ घालावं तसे. ती दारात उभी राहिली. ते वळले नाहीत. म्हणाले, "वारा येतोय. दार लाव."

तिनं पेन्टीकाकांना फोन लावला. पेन्टी शिकारीच्या टोळीचा म्होरक्या; ताउनोंपेक्षा लहान, आवाज मात्र सगळ्या टोळीला पुरेल एवढा. "अगं विर्वे! शहरात उजाडलं का एवढ्या लवकर?" "काका, पेनीला कुणी सोडलं?" पलीकडं मागं माणसांचा गलबला आणि शेगडीवर ठेवलेल्या भांड्याचं झाकण वाजत होतं. "कुणीच सोडलं नाही. आज कुत्री गाड्यांमध्येच आहेत सगळी. रात्री दलदलीच्या कडेनं लांडगे गेलेत, ताजे पाय उमटलेत, चार-पाच तरी असतील. आम्ही इथं झोपडीत सूप ढवळत बसलोय, बायकांसारखे." मग त्यांना आपण कुणाशी बोलतोय ते आठवलं असावं. "ताउनो आलाच नाही आज. गुडघा दुखतो म्हणाला. का गं?" तिनं सांगितलं. पेन्टीकाकांनी एक कचकचीत शिवी हासडली. ताउनोंना, लांडग्यांना की एकूण सगळ्यालाच, ते कळलं नाही. "बघतो. गाडी काढतो. पण तळ्याला वळसा घालून यायचं म्हणजे तास जाणार. तू पट्ट्याला फोन लावून ऐक तोवर." आणि घाईनं म्हणाले, "नकोच. नको ऐकूस."

ठिपका सरकत होता. पेन्टीकाकांचा लांडग्यांवर राग होता तो कसा साधासुधा, चुलीतल्या जाळासारखा. त्यावर हात शेकता यायचे. झोपडीत बसून ते म्हणायचे, यांना त्या राजधानीच्या बागेत सोडा, मग बघू किती कौतुक करतात. सगळे हसायचे. विर्वे हसायची, आणि हसताना तिला वाटायचं, आपण त्या राजधानीतूनच आलोय. इकडं शहरात कचेरीत कुणीतरी बशीत केक घेऊन म्हणायचं, "काइनूत लांडगे परत आले म्हणे, किती छान ना!" आणि ती मान डोलवायची, रांसुबद्दल तोंडातून ब्र काढायची नाही. दोन्हीकडं तिचं मन अर्धंच हलायचं. कारण एक गोष्ट होती, जी ती आणि बाबा सोडून कुणालाच माहीत नव्हती, आणि ती गोष्ट राग धरण्याच्याही आड यायची, कौतुकाच्याही.

ती शाळेत होती तेव्हाची. वसंताच्या तोंडावरचा घट्ट बर्फ, उन्हानं डोळे दिपत होते, बाप-लेक स्कीवरून जंगलातून चालले होते. बाबा एकदम थांबले. त्यांच्या वाटेला आडवी, सुईनं धावदोरा घालावा तशी सरळ, पावलांची एक ओळ गेली होती. त्या काळी लांडगे म्हणजे आजोबांच्या तोंडची गोष्ट. असले तर सरहद्दीपलीकडं. बाबांनी हातमोजा काढला, वाकले, आणि एका पावलात बोटं ठेवली. "सकाळचं आहे," ते म्हणाले. विर्वेनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. तिला वाटलं होतं, भीती दिसेल. पण ते तोंड उजळलं होतं. न कळवता कुणी जिवलग दारात येऊन उभा राहिल्यावर उजळतं तसं. तिनं ते तोंड आधी कधी पाहिलं नव्हतं, तिच्या आईला बघतानासुद्धा नाही, आणि तिला थोडा मत्सरही वाटला. "कुणाला सांगायचं नाही," बाबा म्हणाले. "सांगितलं तर सगळे बंदुका घेऊन निघतील." आणि आपल्या स्कीनं त्यांनी त्या पावलांवरून मागंपुढं करून वाट पुसून टाकली. घरी येईपर्यंत ते शीळ घालत होते. ती गोष्ट दोघांनी जपली. दर हिवाळ्यात ते नुसतं तिच्याकडं बघायचे आणि भुवई उंचवायचे, म्हणजे पुन्हा दिसली पावलं. मग रांसु गेला. तेव्हा विर्वेच्या मनात पहिला विचार काय आला असेल? हा, की आम्हीच त्यांना येऊ दिलं. बाबांच्याही मनात तोच आला असणार. त्यानंतर त्यांनी भुवई कधी उंचवली नाही.

आणि आता हे. का, बाबा? शब्द दिला होता तुम्ही. की तुम्हाला म्हातारपणी पुन्हा एकदा ते भुंकणं ऐकायचं होतं? तिला रागही येत होता आणि त्यांचं म्हणणं समजतही होतं, म्हणून आणखी राग येत होता. लांडगे आल्यापासून जंगल मुकं झालंय असं ते एकदा म्हणाले होते. माणसं उंच मचाणांवर बसून वाट बघतात, कुत्री गाडीत कण्हतात, आणि एल्क आपलं आपण येईल तेव्हा येतं. "याला काय शिकार म्हणतात? बस थांब्यावर उभं राहणं आहे हे." पेनी रोज सकाळी दारापाशी जंगलाकडं नाक करून बसते, हेही तेच सांगायचे. जिच्या रक्तातच ते आहे तिला बाकाखाली झोपवून ठेवणं हे प्रेम की शिक्षा, असं विर्वेला रात्री-अपरात्री वाटायचं. पण निदान जिवंत आहे, म्हणून ती कुशीवर वळून झोपायची.

ठिपका थांबला. विर्वे नकाशावर वाकली. तो उतार. तो दगड. भुंकणं शून्य. हेल्वीबाई शेजारी येऊन बसल्या होत्या. चष्मा पुसून त्यांनीही पाहिलं. "हाच का कुत्रा?" "हाच." "मग लाव की फोन. ते गृहस्थ म्हणाले ना, ऐकू येतं." "नको." "का नको?" "शेवटचं ऐकलं तर?" हेल्वीबाई गप्प बसल्या. युद्धात घर सोडून निघालेल्या माणसांपैकी त्या. कुठं गप्प बसायचं ते त्यांना कळायचं, जरी एरवी त्यांचं तोंड थांबत नसे. त्या फोनकडं बघत राहिल्या आणि जरा वेळानं म्हणाल्या, "पण फार सभ्य दिसतो गं तुझा कुत्रा. पुलावरून गेलाय."

विर्वेनं लाल रेघ पाहिली. पहिल्यांदाच नीट पाहिली. इतका वेळ ती फक्त ठिपका बघत होती. रेघ खोपट्यामागून निघून चरीच्या कडेकडेनं सरळ गेली होती. मग जिथं चर अरुंद होते तिथं वळून, बाबांनी टाकलेल्या दोन फळ्यांवरून पलीकडं. मोकळा सुटलेला कुत्रा चर उडी मारून ओलांडतो, नाकाच्या मागं नागमोडी पळतो, मागं येतो, पुढं जातो. त्याची रेघ म्हणजे पोरानं गिरगटलेली पाटी असते. ही रेघ तशी नव्हती. चढणीवर मधेच एक थांबा होता. भूर्जाच्या पडलेल्या खोडापाशी. तिथं बाबा गुडघा चोळायला टेकतात. आणि वेग! देवा रे, हा काय कुत्र्याचा वेग झाला? "हे बाबा आहेत," विर्वे म्हणाली. "पट्टा बाबांनी स्वतःच्या गळ्यात घातलाय." जीव भांड्यात पडायला हवा होता. पण दुसऱ्याच क्षणी तिला वाटलं, मग दगडापाशी थांबलेत ते कशानं? त्यांचं वय, ती चढण, आणि आजूबाजूला कुणी नाही. आता विचार करायला सवड नव्हती. तिनं पट्ट्याला फोन लावला.

वाजलं काही नाही. नुसता वारा आला, पाइनच्या शेंड्यांमधला, आणि त्यात अगदी जवळ, जणू तिच्याच कानाशी, एक श्वास. थोडा शिट्टी वाजणारा. डाव्या नाकपुडीतून, बाबांना लहानपणी घोड्यानं लाथ मारली होती तेव्हापासूनचा. मग थर्मासचं झाकण फिरलं, आणि कॉफी ओतल्याचा आवाज. विर्वेला रडू फुटलं. "बाबा, मी आहे," ती म्हणाली. तिकडं ऐकू जाणार नाही हे ठाऊक असून म्हणाली. हेल्वीबाईंनी चादरीचं कोरडं टोक तिच्या हातात दिलं.

"खा," ताउनोंचा आवाज आला. काहीतरी कुरुमकुरुम चावलं गेलं, ती पेनी. शेजारीच होती तर. "ओढू नकोस. दोरी सोडणार नाहीये मी. शब्द दिलाय. रागावून उपयोग नाही, तुझ्या मालकिणीला सांग." घोट घेतल्याचा आवाज. "तिचंही बरोबर आहे. म्हणते, एकटे जंगलात जाता, निदान कळवत जा. आता काय कळवायचं? फोन मला नको वाटतो इथं. म्हटलं, पट्टा घालू. ठिपका हलताना दिसला की तिला कळेल, म्हातारा चालतोय अजून." विर्वे हसली, रडता रडताच. अहो बाबा! हे कळवणं तुमचं. ठिपक्यावर नाव पेनीचं आहे, एवढं साधं डोक्यात आलं नाही तुमच्या.

 मग त्यांचा आवाज आला, खालच्या पट्टीत. "इथंच बसलो होतो मी. कॉफी संपवली. काय घाई होती संपवायची, सांग बरं? फोन कानाला लावला तर तो श्वास घेत होता. भुंकत नव्हता, ओरडत नव्हता, नुसता श्वास. मी बोलत राहिलो. शहाणा कुत्रा, शहाणा कुत्रा माझा, म्हणून. त्याला ऐकू जात नव्हतं. तरी बोलत राहिलो. थांबलो असतो तर तो एकटा पडला असता." पेनी कण्हली. "हो गं. तुझं काही नाही त्यात."

इतके दिवस विर्वेला वाटायचं, ते भयंकर काहीतरी ऐकून मुके झाले. ते बोलत होते हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. तिनं फोन कानाशी इतका दाबला की कान दुखू लागला, आणि पुन्हा म्हणाली, "मी आहे, बाबा, ऐकतेय." थांबायचं नाही, एवढं तिला कळलं होतं.

मग ते आलं. आधी तिला वाटलं वाराच. पण वारा असा चढत नाही आणि चढून असा थांबत नाही. एक आवाज, मग त्याला येऊन मिळालेला दुसरा, मग कोवळे, फाटके दोन-तीन, या वर्षीच्या पिल्लांचे असावेत. किती लांब, ते कळेना. तळघरात धुण्याचं यंत्र शेवटचे गरके घेत होतं. हेल्वीबाई उठल्या आणि त्यांनी ते सरळ बंद करून टाकलं. पेनी गुरगुरली, खोल, पोटातून. आयुष्यात पहिल्यांदा.

"हं," ताउनो म्हणाले. "आहात तर." ते उभे राहिले असावेत, गुडघा कटकन वाजला. बोलले ते ओरडून नव्हे, कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याशी बोलावं तसे. "मी तुमचे पाय पुसले होते. आठवतं का? तुम्हाला कशाला आठवेल, तुमच्या पणजोबांचे ते. गावात कुणाला सांगितलं नाही. माझ्या पोरीला माहीत आहे." श्वासाची शिट्टी. "पश्चात्ताप झाला असं नाही म्हणत. रांसु माझा होता, सोडला मी, नेलात तुम्ही. तुमचं तुम्ही केलंत, मी मात्र कॉफी पीत बसलो. एल्क आहेत इथं दोघांपुरती. पण ही..." दोरी हाताला गुंडाळल्याचा आवाज आला. "ही माझी नाही. ही माझ्या पोरीची आहे. हिला तेवढं सोडा."   ताउनोंनी थर्मासचं झाकण लावलं. "चल, पेनी. पेन्टी येईल बघ बोंबलत, गाडी ऐकू येतेय त्याची."

विर्वेनं फोन ठेवला. पुढचं ऐकणं तिला चोरून ऐकल्यासारखं वाटलं असतं. आतापर्यंतचं का वाटलं नाही, कुणास ठाऊक. ठिपका उतारावरून खाली आला, खोडापाशी टेकला, फळ्यांवरून सभ्यपणे चर ओलांडून घराच्या चौकोनात शिरला. हेल्वीबाईंनी जमिनीला लागून मळलेली चादर मुकाट्यानं परत यंत्रात टाकली. आणि मग फोन वाजला.

"तीनदा केलास?" ताउनो म्हणाले. मागं पेन्टीकाका कुणावर तरी तोंडसुख घेत होते. "कुणी गेलं का?"

"नाही हो. सहज. चादरी ताणत होते."

"आज पेन्टीचं डोकं फिरलंय. सूप टाकून आलाय."

"पेनी काय करतेय?"

"झोपली. दमली." नाकातली ती शिट्टी. मग, कॉफीच्या डब्याबद्दल विचारावं तशा आवाजात, "दिसला का तुला ठिपका?"

 विर्वेचा कान भिजला होता.

"दिसला, बाबा. सगळा वेळ दिसत होता."

"हं," ते म्हणाले. "मग झालं तर."

त्यांनी फोन ठेवला. नकाशावर ठिपका तसाच होता, स्वयंपाकघरात, खिडकीपाशी, जरासा इकडं, जरासा तिकडं सरकत. पट्टा बंद करायला ते विसरले होते. पुन्हा फोन करून सांगायला हवं होतं. विर्वेनं फोन उभा करून साबणाच्या डब्याला टेकवला, आणि हेल्वीबाईंकडून दुसऱ्या चादरीची आपली दोन टोकं हातात घेतली.